घरगुती अणुघड्याळ

भिंतीवरील लंबकाचें घड्याळ उन्हाळ्यांत मागें पडतें, हें वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. उष्णतेनें दांडी लांबते आणि झोका सावकाश होतो. मनगटावरील घड्याळांतील स्फटिकही उष्णतेनें व वयोमानानें आपली कंपसंख्या बदलतो. अणु मात्र वयानें थकत नाहीं. १९५५ सालीं इंग्लंडांत टेडिंग्टन येथें एसेन व पॅरी यांनीं सिझियमच्या अणूंवर चालणारें घड्याळ सिद्ध केलें, आणि १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच त्या अणूवरून केली जाते.

सिझियमची नळी घरीं घडविणें आमच्या आटोक्याबाहेरचें होतें. परंतु टेलिफोनच्या मनोऱ्यांतून काढून टाकलेल्या रुबिडियमच्या पेट्या जुन्या बाजारांत मिळतात; तशी एक आम्हीं आणिली.

तिच्या आंत रुबिडियमचा चिमुकला दिवा असतो. त्याचा प्रकाश रुबिडियमचीच वाफ भरलेल्या काचेच्या कुपींतून पलीकडील प्रकाशग्राहकावर पडतो. स्फटिकापासून उत्पन्न केलेल्या सूक्ष्म विद्युल्लहरी कुपीवर सोडतात. त्यांची कंपसंख्या सेकंदास सुमारें ६८३ कोटी ४६ लक्ष ८२ हजार ६११ झाली, कीं वाफ अधिक प्रकाश शोषते व पलीकडील उजेड किंचित् मंदावतो. स्फटिक ढळला तर ही मंदता नाहींशी होते. लागलीच विद्युन्मंडल त्याचा कान धरून त्यास जागेवर आणितें. म्हणजे राबतो तो स्फटिकच, अणु केवळ त्याचा पंतोजी!

आम्हीं प्रथम पेटी नुसत्या लाकडी फळीवर ठेविली. २४ व्होल्टचा प्रवाह देतांच थोड्या मिनिटांत स्फटिक अणूशीं जुळला. पण तासाभरांत तळ इतका तापला कीं बोट ठेववेना, आणि जुळणी सुटली. दिवा गेला असें समजून आमचा धीर खचला होता. तळाखालीं ॲल्युमिनियमची जाड पट्टी घट्ट आवळल्यावर मात्र पेटी पुन्हा ताळ्यावर आली.

जुळलें म्हणजे बिनचूक झालें, असें नव्हे. कुपींत वाफेबरोबर दुसरा वायु भरलेला असतो, व त्याच्या दाबानें अणूची कंपसंख्या थोडी सरकते. म्हणून पडताळा घ्यावाच लागतो. आम्हीं तो जीपीएस उपग्रहांच्या सेकंदाच्या ठोक्यांशीं घेतला. हे ठोके क्षणोक्षणीं थोडे पुढेंमागें होतात, यास्तव अहोरात्र थांबणें भाग पडलें. पहिल्या दिवशीं आमची पेटी सुमारें ९ मायक्रोसेकंद पुढें गेली, म्हणजे हजार कोटींत एक इतकी चूक. पेटीवरील स्क्रू केसभर फिरवून पुन्हा एक दिवस वाट पाहिली. असें तीन वेळां केल्यावर चूक दिवसास एका मायक्रोसेकंदाच्या आंत आली. शाळेच्या घंटेस एवढी नेमकेपणाची गरज नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु हौशी बिनतारी प्रेषकांस आपली कंपसंख्या तपासण्यास ती उपयोगी पडते.

अणु झिजत नसला तरी दिवा झिजतो. त्याच्या उजेडाचा व्होल्ट आम्ही दर रविवारीं वहींत टिपून ठेवितों.