गोल्फ टूरचा हंगाम: ऐकीव गोष्टी आणि खरा हिशोब

मिसरोदच्या मराठी घरांत क्रिकेटवर तावातावाने बोलणारे हवे तेवढे सापडतील. गोल्फचा विषय निघाला तर मात्र 'बड्या लोकांचे चोचले' एवढं म्हणून बहुतेक जण मोकळे होतात. गंमत अशी, की भारतीय व्यावसायिक गोल्फमधली दोन मोठी नावं इथून दोनशे किलोमीटरच्या थोडं पलीकडची आहेत. महू आपल्याला ठाऊक असतं ते बाबासाहेबांचं जन्मगाव म्हणून. त्याच महूच्या छावणीतल्या गोल्फ मैदानावर मुकेश कुमार आणि ओमप्रकाश चौहान हे दोघं घडले. देशांतर्गत शंभराहून अधिक स्पर्धा जिंकलेल्या मुकेश कुमारने डिसेंबर 2016मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर पॅनासोनिक ओपन जिंकली आणि एशियन टूरवरचं आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं. तेव्हा त्याचं वय होतं 51. ओमप्रकाश 2023मध्ये देशाच्या टूरवर वर्षभराच्या क्रमवारीत पहिला आला.

ही देशाची टूर म्हणजे प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, तोंडी वापरात पीजीटीआय. 2006मध्ये सुरू झालेल्या या टूरबद्दल जेवढं कमी माहीत आहे तेवढंच चुकीचं जास्त बोललं जातं.

पहिला गैरसमज वर आलाच: गोल्फ खेळणारे सगळे श्रीमंत घरचे. क्लबचे सभासद श्रीमंत असतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. सभासदत्वाचे आकडे आणि प्रतीक्षायादी पाहिली तरी मध्यमवर्गीय माणूस मुकाट्याने फाटकातून परत फिरेल. पण सभासद वेगळा आणि पैशांसाठी खेळणारा वेगळा. 1991 आणि 1993मध्ये इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होता, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणारा. 2009मध्ये हीच स्पर्धा जिंकणारा बंगळूरचा सी. मुनियप्पा हाही कॅडीच. 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं ती जिंकणारा एस. एस. पी. चौरसिया हा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या ग्रीनकीपरचा मुलगा, त्या मैदानाच्या गवताची निगा राखणाऱ्या माणसाचा. अनेक क्लबांत आठवड्यातून एक दिवस मैदान देखभालीसाठी सभासदांना बंद असतं. त्या दिवशी जुन्या, मागून आणलेल्या काठ्या घेऊन कॅडी पोरं खेळत आली आहेत. भारतीय गोल्फची निम्मी शाळा त्या एका दिवसात भरली, असं माझं मत आहे.

अर्थात याचं फार कौतुकही करायला नको. आज टूरवर अकादमीत शिकलेली, लहानपणापासून प्रशिक्षक लाभलेली मुलं वाढत चालली आहेत आणि काठ्यांचा खर्च कॅडीच्या पोराला आजही परवडत नाही. पण म्हणून सगळा खेळ एका वर्गाच्या नावावर टाकणं चूक.

दुसरा गैरसमज पैशांचा, आणि इथे जरा थांबायला हवं. 'एक कोटीची स्पर्धा' अशी बातमी वाचली की वाटतं, खेळाडूंची चांदी आहे. आता हिशोब मांडू. टूरवरच्या एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला 15 टक्के मिळतात, म्हणजे 15 लाख. दुसऱ्याला 10 लाख. दोघांतच 25 लाख संपले. उरलेले 75 लाख पन्नासभर जणांत उतरत्या क्रमाने वाटले जातात आणि यादीच्या तळाशी असलेल्याचा वाटा लाखाच्या पुष्कळ खाली असतो. त्यातून प्रवास, चार-पाच रात्रींचं हॉटेल, प्रवेशशुल्क आणि कॅडीची मजुरी वजा करा. टूरवर पगार नाही, मानधन नाही, सामन्याची फी नाही. रणजी खेळणारा शून्यावर बाद झाला तरी त्याची सामना-फी सुटत नाही. इथे तसं काही नाही.

आणि हे झालं ज्यांना काही मिळतं त्यांचं. स्पर्धेत उतरतात सव्वाशेच्या आसपास खेळाडू. स्पर्धा चार दिवसांची, रोज 18 होल, एकूण 72. दोन दिवस झाले, 36 होल संपले, की कट लागतो. पहिले पन्नास आणि पन्नासाव्याशी बरोबरीत असलेले पुढे जातात, बाकीचे घरी. घरी म्हणजे रिकाम्या हाताने.

दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ मैदानावर पाहण्यासारखी असते. सकाळच्या तुकडीत खेळून झालेला माणूस गुण नोंदवण्याच्या तंबूजवळ खुर्ची टाकून बसलेला असतो. समजा, त्याची बेरीज पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरवलेल्या फटक्यांपेक्षा, दोन जास्त आहे. कट दोनवर थांबतोय की एकवर सरकतोय, हे दुपारच्या तुकडीवर अवलंबून. हातात फोन. पडद्यावर कुणा अनोळखी खेळाडूची सतराव्या होलवर बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, पडते आणि पन्नासावी जागा एका फटक्याने वर सरकते. खुर्चीवरच्या माणसाने काल नवव्या होलवर चार फुटांचा पट, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायचा फटका, घालवलेला असतो, तो आता आठवतो. कॅडी विचारतो, बॅग बांधू का? हॉटेलची उद्याची रात्र रद्द करायची की ठेवायची, हे त्या एका फटक्यावर ठरतं. ज्याला हे वर्षातून दहा वेळा भोगावं लागतं, त्याला चोचले कुठले म्हणायचे?

तिसरी समजूत, की अव्वल तो, ज्याने जास्तीत जास्त स्पर्धा जिंकल्या. तसं नाही. ऑर्डर ऑफ मेरिट ही वर्षाची क्रमवारी मिळवलेल्या बक्षिसाच्या रकमेवर ठरते. दोन लहान स्पर्धा जिंकणाऱ्याच्या पुढे एकही न जिंकलेला, पण मोठ्या रकमेच्या स्पर्धांत सातत्याने वर राहिलेला खेळाडू जाऊ शकतो. म्हणून हंगामाच्या शेवटी जमशेदपूरला होणाऱ्या टाटा स्टील टूर चॅम्पियनशिपला एवढं वजन: तिथली रक्कम मोठी, आणि वर्षभराचा तक्ता शेवटच्या आठवड्यात उलटू शकतो.

पहिल्या क्रमांकाला मान असतोच, पण गेल्या काही वर्षांत त्याहून भरीव काही मिळू लागलं आहे. अव्वल येणाऱ्याला पुढच्या हंगामासाठी डीपी वर्ल्ड टूरचं, म्हणजे जुन्या युरोपियन टूरचं, कार्ड, म्हणजे तिथे खेळण्याचा हक्क, मिळतं. 2022चा अव्वल मनू गंडास, 2023चा ओमप्रकाश चौहान, 2024चा वीर अहलावत असे एकेक जण त्या दारातून गेले. महूच्या मैदानावरून निघून युरोपच्या टूरवर, तेही भारतातल्या कामगिरीच्या बळावर, ही वाट आधीच्या पिढीला नव्हती.

तक्त्याचा खालचा भाग मात्र कुणी छापत नाही. खरी धडधड तिथे असते. साधारण पहिले साठ जण पुढच्या वर्षाचं कार्ड राखतात. एकसष्टाव्याला पुन्हा क्वालिफाइंग स्कूलची पायरी चढावी लागते. नावात स्कूल असलं तरी तिथे शिकवत कुणी नाही. ती प्रवेशपरीक्षा आहे: आधी प्राथमिक फेऱ्या, मग अंतिम टप्पा, आणि शेकडो इच्छुकांतून मोजक्यांना कार्ड. काल-परवापर्यंत विजेतेपदं मिळवलेला माणूस विशीतल्या पोरांच्या रांगेत उभा दिसतो, यात कुणालाच नवल वाटत नाही.

टूर म्हणजे थंडीच्या दिवसांतली सहल, असंही ऐकू येतं. हंगाम साधारण जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतो तो डिसेंबरात संपतो. उन्हाळ्यात आणि पावसात खंड पडतो, पण स्पर्धा वीसच्या वर जातात. आज अहमदाबाद, पुढे हैदराबाद, मग चंदीगड, कोलकाता, कोइम्बतूर, आणि आसामातलं तेलाचं गाव डिगबोई. ज्याला प्रायोजक नाही तो यातल्या कुठे जायचं आणि कुठे नाही, हे तिकिटाचा दर बघून ठरवतो.

पंचांबद्दलही एक गोड समज आहे: कुणीतरी मागे फिरून फटके मोजत असणार. नियमांचे अधिकारी असतात, पण तुमचे आकडे लिहितो तुमच्याच गटातला प्रतिस्पर्धी. शेवटी प्रत्येक होलचा आकडा तपासून तुम्ही सही करायची. खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही झाली, तर नियमाप्रमाणे थेट स्पर्धेबाहेर. जास्त आकड्यावर झाली, तर तो जास्तीचाच आकडा कायम. 1968च्या मास्टर्समध्ये अर्जेंटिनाच्या रॉबेर्तो दे विसेंझोने सतराव्या होलवर तीन फटके घेतले, सोबत्याने चार लिहिले आणि याने न पाहता सही केली. बरोबरी होऊन प्लेऑफ व्हायचा, तो झालाच नाही. बॉब गोल्बी विजेता ठरला.

आता आपल्या माणसाकडे येऊ. 'मराठी माणूस आणि गोल्फ?' असं हसणाऱ्यांनी पुण्याच्या उदयन मानेचं नाव लक्षात ठेवावं. 2019च्या अखेरीपासून 2020च्या सुरुवातीपर्यंत त्याने टूरवर विजेतेपदांची मालिका लावली आणि 2020-21च्या हंगामात ऑर्डर ऑफ मेरिटही जिंकली. महासाथीमुळे तो हंगाम दोन वर्षांवर पसरला होता. टोकियो ऑलिंपिकसाठी तो राखीव यादीत होता. जुलै 2021मध्ये अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि जागा मिळाली ती मानेला. तिथे त्याने चारही फेऱ्या खेळून 56वं स्थान घेतलं, अनिर्बन लाहिरी 42वा होता. पदक नाही, पण भारताकडून पुरुष गोल्फमध्ये उतरलेल्या दोघांपैकी एक माने होता. ऑलिंपिकमध्ये गोल्फ असतो हेच अनेकांना तेव्हा कळलं. खरं तर तो 1904नंतर थेट 2016मध्ये, रिओला परतला होता.

परदेशी खेळाडूंना इथे बंदी आहे, हेही खोटं. श्रीलंकेचे एन. थंगराजा आणि मिथुन परेरा, बांगलादेशचे सिद्दिकुर रहमान आणि जमाल हुसेन हे टूरवर वर्षानुवर्षं खेळले आहेत. सिद्दिकुरही ढाक्याच्या कुर्मीटोला मैदानावरचा कॅडी, आणि रिओ ऑलिंपिकमध्ये बांगलादेशचा ध्वज त्याच्या हातात होता.

राहता राहिला मालकीचा प्रश्न. कपिल देव 2024मध्ये पीजीटीआयचे अध्यक्ष झाले, तेव्हा 'कपिलने गोल्फची टूर काढली' असं काहींनी धरून टाकलं. अध्यक्ष निवडून येतो, टूर व्यावसायिक खेळाडूंच्या संस्थेची आहे. सरकार ती चालवत नाही, आणि हौशी गोल्फचा कारभार पाहणारी इंडियन गोल्फ युनियन ही वेगळी संस्था. पैसा येतो मुख्यतः प्रायोजक कंपन्यांकडून, म्हणून स्पर्धांच्या नावांत कंपन्या दिसतात. प्रेक्षकांच्या तिकिटाची कमाई इथे जवळजवळ नाहीच. आणि देशात एवढी एकच टूर आहे, असंही आता म्हणता येत नाही. 2025मध्ये इंडियन गोल्फ प्रीमियर लीग नावाचा प्रतिस्पर्धी उभा राहिला आणि काही नावाजलेले खेळाडू तिकडे गेले. दोन टूर देशाला पोसवतील का, याबद्दल मला शंका आहे, कारण प्रायोजक दोन्हीकडे तेच लागणार. तगल्या तर खेळाडूला हंगामात जास्त आठवडे काम मिळेल, आणि त्याची खरी गरज तीच आहे.

पुढच्या वेळी पेपरात या टूरची बातमी आली, तर विजेत्याच्या फोटोखाली आणखी एक ओळ शोधा: कट किती फटक्यांवर लागला. बहुतेक वेळा ती छापलेली नसते. संपादकांना पत्र लिहून मागायला हरकत नाही.