कंपनीचा अपराध आणि तालुक्याच्या न्यायालयातील फिर्याद

मुरुड हे एके काळी जंजिरा संस्थानचे राजधानीचे गाव; आज तेथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे. अशा ठिकाणच्या वकिलाकडे कंपनीविरुद्ध दाद मागणारा पक्षकार येतो तो बहुधा ठेवीदार म्हणून. सुपारीच्या बागेचे वा मासळीच्या हंगामाचे उत्पन्न त्याने जादा व्याजाच्या आशेने एखाद्या कंपनीत गुंतविलेले असते. मुदत सरते, कचेरीला कुलूप लागते आणि हाती केवळ पावती उरते. फिर्याद नेमकी कोणाविरुद्ध लिहावयाची, हा प्रश्न तेथे उभा राहतो.

कंपनी ही विधीने निर्मिलेली व्यक्ती. तिला देह नाही, म्हणून कारावास भोगावयास लावता येत नाही. मन नाही, मग कपटाचा हेतू तिच्या ठायी कसा असावा, ही शंका जुनी आहे. सिंडिकेट ट्रान्स्पोर्ट कंपनीच्या प्रकरणात (1964) मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीवर अभियोग चालू शकतो हे तत्त्व मान्य केले. परंतु ज्या अपराधांना कारावास अनिवार्य आहे ते त्यातून वगळले. हा अपवाद लहान नव्हे, कारण दंडसंहितेच्या कलम 420 मध्ये कारावास आणि दंड दोन्ही सांगितले होते. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ही अडचण दूर केली: कारावास अशक्य असेल तेथे कंपनीस दंड करावा. हेतूचा प्रश्न 2010 च्या इरिडियम इंडिया विरुद्ध मोटोरोला या निर्णयाने सुटला. ती फिर्याद पुणे जिल्ह्यात दंडाधिकाऱ्यांपुढे दाखल झाली होती, ही गोष्ट तालुक्याच्या वकिलांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे. उच्च न्यायालयाने रद्द केलेली ती कार्यवाही सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा चालू केली. कंपनीचा कारभार ज्यांच्या हाती असतो त्यांचे मन तेच कंपनीचे मन, असे मानले.

मात्र हा प्रवाह उलट वाहत नाही. संचालकाचे मन कंपनीस चिकटते. कंपनीचा अपराध संचालकास आपोआप चिकटत नाही. सुनील भारती मित्तल यांच्या प्रकरणात (2015) हे स्पष्ट झाले. संचालकाने स्वतः हेतुपूर्वक भाग घेतला असला पाहिजे, किंवा विशिष्ट अधिनियमाने त्याच्यावर जबाबदारी टाकलेली असली पाहिजे. आमच्या मते बहुसंख्य फिर्यादी येथेच लंगड्या पडतात. कंपनीच्या पत्रशीर्षावरील सारी नावे उतरून काढली की काम झाले, असा समज दिसतो. कोणी आश्वासन दिले, कोणी पावतीवर सही केली, रक्कम कोठे वळविली, याविषयी चकार शब्द नसतो. न वटलेल्या धनादेशाच्या फिर्यादीत याच्या उलट चूक घडते: संचालक आरोपी केले जातात आणि कंपनीच राहून जाते. अनीता हाडा प्रकरणातील 2012 च्या निर्णयानुसार कंपनीस आरोपी केल्याविना ती फिर्याद टिकत नाही.

कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 447 चा मोह आवरावा. त्या कपटाची दखल विशेष न्यायालय घेते, तीही प्राधिकृत शासकीय अधिकाऱ्याच्या तक्रारीवरच. ठेवीदारांसाठी महाराष्ट्राचा 1999 चा ठेवीदार हितसंरक्षण अधिनियम अधिक उपयोगी. त्याच्या कलम 3 मध्ये प्रवर्तक, संचालक, व्यवस्थापक यांस सहा वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे; त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे मालमत्तेची जप्ती. शिक्षेने पक्षकाराचे समाधान होईल, पण पैसा परत येण्याची आशा जप्तीतच असते. तेव्हा पोलिसांत वर्दी देतानाच कंपनीच्या जमिनी, खाती व वाहने यांचा जो तपशील ठाऊक असेल तो जोडावा. हे खटले दंडाधिकाऱ्यांपुढे नव्हे, तर त्या अधिनियमाखाली नेमलेल्या न्यायालयात चालतात.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 223 प्रमाणे खासगी फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी आरोपीस म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. म्हणजे मोघम फिर्याद पहिल्याच तारखेस उघडी पडावयाची. समन्स संचालक, व्यवस्थापक वा सचिवावर बजावता येते. कलम 342 अन्वये कंपनी आपला प्रतिनिधी नेमू शकते. तो हजर न झाला तरी खटला अडून राहत नाही.