केल्मस्कॉट कुणी राखलं?

लेचलेडपर्यंत थेम्स अगदीच किरकोळ नदी असते. मोठी होडी लेचलेडच्या फारशी वर जात नाही. नावाड्यांच्या लेखी खरी नदी इथूनच सुरू होते. इथल्या सेंट जॉन्स लॉकपाशी ‘ओल्ड फादर थेम्स’चा, म्हणजे दाढीवाल्या नदीदेवाचा, पहुडलेला पुतळा आहे. राफाएले मोंटी या शिल्पकाराने तो १८५४मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेससाठी घडवला. पुढे तो नदीच्या उगमापाशी ठेवला गेला आणि १९७४मध्ये इथे आला. तिथून प्रवाहाबरोबर खाली निघालं की बस्कॉटचं लॉक लागतं. त्यानंतर दोन्ही काठांना सपाट कुरणं आणि वाळुंजीची झाडं, आणि मग डाव्या हाताला, नदीपासून थोडं आत, केल्मस्कॉट. ऑक्सफर्डशायर परगण्यातलं हे गाव २०११च्या जनगणनेत दोनशे माणसांचंही भरलं नाही.

गाव पिवळसर करड्या चुनखडीच्या दगडाचं आहे. भिंती दगडी, आणि छपरंही दगडाच्याच पातळ फरशांची. आढ्यापाशी फरशा लहान, वळचणीकडे येताना मोठ्या मोठ्या होत जातात. परसांना कुंपण म्हणूनही दगडाच्या लाद्या उभ्या रोवलेल्या आहेत. ‘प्लाऊ’ नावाचं जुनं मद्यगृह आहे. सेंट जॉर्जचं छोटं चर्च आहे. त्याचा मुख्य भाग बाराव्या शतकाच्या अखेरचा आणि आत मध्ययुगीन भित्तिचित्रांचे अवशेष आहेत. या साऱ्यापेक्षा प्रसिद्ध आहे ते गावाच्या टोकाचं केल्मस्कॉट मॅनर. नाव जहागीरदाराचं असलं तरी ते साधारण १६००मध्ये टर्नर नावाच्या सधन शेतकरी घराण्याने बांधलं, आणि त्याचा तोंडवळा आजही शेतकऱ्याच्या घराचाच आहे.

१८७१मध्ये विल्यम मॉरिसने हे घर चित्रकार दांते गेब्रिएल रोसेटीबरोबर भागीत भाड्याने घेतलं. मॉरिस कवी, नक्षीकार, विणकर, मुद्रक आणि पुढे समाजवादी पुढारी. रोसेटीचं मॉरिसच्या पत्नीवर, जेनवर, प्रेम होतं. घर घेतल्यावर त्याच उन्हाळ्यात मॉरिस आइसलंडला निघून गेला, जेन आणि दोन्ही मुली रोसेटीबरोबर केल्मस्कॉटला राहिल्या. रोसेटीने इथे ‘वॉटर विलो’ हे जेनचं चित्र रंगवलं. त्यात तिच्यामागे नदी, घर आणि चर्च दिसतं. १८७४मध्ये रोसेटी गेला तो परतला नाही. या तिघांवर इतकं लिहिलं गेलं आहे की जेन बहुतेकांना चित्रातली विषण्ण बाई म्हणूनच ठाऊक असते. केल्मस्कॉटचा इतिहास वाचताना माझं मत अधिकाधिक पक्कं होत गेलं: हे गाव मॉरिसमुळे प्रसिद्ध झालं, पण आज ते जसं उभं आहे ते जेनमुळे आणि धाकटी मुलगी मे हिच्यामुळे.

अर्थात मॉरिसने गावाकडून काय घेतलं हे आधी पाहायला हवं. परसातल्या स्ट्रॉबेरींवर ताव मारणारे कस्तुर पक्षी त्याने इथे पाहिले आणि १८८३मध्ये ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे कापड काढलं. कापड आधी निळीत बुडवायचं, मग नक्षीपुरती नीळ उडवायची, आणि त्या जागी लाकडी ठशांनी तांबडा-पिवळा रंग भरायचा. काम इतकं वेळखाऊ की हे कापड महागच पडे. ‘विलो बाउ’ या भिंतीच्या कागदावरची पानं इथल्याच ओढ्याकाठची. १८८०मध्ये तो कुटुंब आणि मित्रांसह लंडनच्या हॅमरस्मिथपासून होडीने केल्मस्कॉटपर्यंत आला. दहा वर्षांनी लिहिलेल्या ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ या कादंबरीत त्याने भविष्यातल्या सुखी, शोषणमुक्त इंग्लंडची वाट याच नदीने वर नेली आणि ती याच घराशी आणून सोडली.

त्या स्वप्नाच्या मुळाशी जो संताप होता, त्याचा एक धागा आपल्याकडे येतो. डॉ. जॉर्ज बर्डवुड यांचा जन्म १८३२मध्ये बेळगावचा. मुंबईत त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं, राणीच्या बागेच्या आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव असलेल्या संग्रहालयाच्या उभारणीत पुढाकार घेतला. १८७८च्या पॅरिस प्रदर्शनातल्या भारतीय दालनासाठी त्यांनी एक माहितीपुस्तिका लिहिली. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या व्याख्यानात मॉरिसने तिचा दाखला दिला आणि हिंदुस्थानातल्या गावोगावच्या कारागिरीचा इंग्रजी व्यापार कसा गळा घोटतो आहे, हे आपल्या देशबांधवांना सुनावलं. केल्मस्कॉटचा सुतार, गवंडी आणि आपल्याकडचा कोष्टी, कुंभार ही त्याच्या मते एकाच संकटात सापडलेली माणसं होती. हे आपण आवर्जून लक्षात ठेवायला हवं असं मला वाटतं.

त्याचा दुसरा झगडा जुन्या वास्तूंसाठी होता. ‘जीर्णोद्धारा’च्या नावाखाली त्या काळी चर्चच्या भिंती खरवडून, जुनी बाकं उपटून नवं ‘मध्ययुग’ बसवलं जात होतं. जवळच्या बर्फर्डच्या चर्चमध्ये हे चाललेलं पाहून तो पेटला आणि १८७७मध्ये त्याने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. तत्त्व साधं: रोजची डागडुजी करा, नवं रूप देऊ नका. लेचलेडच्या वरच्या अंगाला इंगलशॅमचं चर्च आहे. ते या संस्थेने १८८०च्या दशकाअखेरीस दुरुस्त केलं, म्हणूनच तिथली एकावर एक शतकांची रंगवलेली भिंत अजून वाचता येते.

मॉरिस ३ ऑक्टोबर १८९६ला लंडनमध्ये वारला. शवपेटी रेल्वेने लेचलेडला आली. पुढे वाळुंजीच्या डहाळ्यांनी सजवलेल्या गवताच्या गाडीतून, वादळी पावसात, ती केल्मस्कॉटच्या चर्चपर्यंत नेली. मित्र फिलिप वेबने छपरासारखी दोन बाजूंनी उतरती शिळा थडग्यासाठी आखली.

इथून पुढची गोष्ट बायकांची. जेनने नवऱ्याचं स्मारक म्हणून पुतळा उभारला नाही, गावकऱ्यांना राहण्यासाठी जोडघरं बांधून घेतली. १९०२ची ही ‘मेमोरियल कॉटेजेस’ही वेबच्याच आराखड्याची; दर्शनी भिंतीवर झाडाखाली बसलेला मॉरिस जॉर्ज जॅकने कोरला आहे. भाड्याचं मॅनर तिने १९१३मध्ये विकत घेतलं, आणि १९१४च्या जानेवारीत ती गेली. घोडे सांभाळणाऱ्याच्या घरात जन्मलेल्या या बाईने मरण्याआधी तेवढं एक काम पक्कं करून ठेवलं.

मे वयाच्या तेविसाव्या वर्षी, १८८५मध्ये, वडिलांच्या कंपनीत भरतकाम विभागाची प्रमुख झाली होती. मॅनरमधल्या मॉरिसच्या पलंगाचे पडदे तिच्या देखरेखीखाली भरले गेले. टाके घालणाऱ्यांत कवी येट्सची बहीण लिली होती. वरची चादर जेनच्या हातची. कलाकारांच्या गिल्डमध्ये बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून १९०७मध्ये मेने स्त्रियांचं वेगळं गिल्ड उभं केलं. वडिलांचं समग्र साहित्य तिने चोवीस खंडांत संपादित केलं. तरीही ती बहुतेक ठिकाणी ‘मॉरिसची मुलगी’ एवढ्याच ओळखीने येते, आणि हा अन्याय आहे.

१९२०च्या दशकात ती कायमची केल्मस्कॉटला राहायला आली. त्याआधीच, १९१५मध्ये, तिने अर्नेस्ट गिम्सनकडून आणखी कॉटेजेस आखून घेतली होती. गावाच्या सभागृहाचा आराखडाही गिम्सनचाच. तो १९१९मध्ये वारला, पैसे जमवायला मेला पुढची अनेक वर्षं लागली. अखेर १९३४मध्ये जॉर्ज बर्नार्ड शॉच्या हस्ते मॉरिस मेमोरियल हॉल उघडला आणि पंतप्रधान रॅम्से मॅकडॉनल्डही तिथे येऊन उभे राहिले.

१९३८मध्ये मे गेली. घर आहे तसं राखावं, लोकांना पाहता यावं, या इच्छेने तिने ते ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिलं होतं. विद्यापीठाला तो भार झेपला नाही, आणि १९६२मध्ये मॅनर लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजकडे आलं. त्यांनी ते खचण्यापासून वाचवलं. अलीकडच्या मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२मध्ये ते पुन्हा उघडलं. पाहुणे मॅनरच्या खोल्यांतून फिरतात, पलंगाच्या पडद्यांपाशी रेंगाळतात. जेनच्या आणि मेच्या कॉटेजेसमध्ये मात्र माणसं राहतात, आणि गावाला एकत्र जमायचं असलं की हॉल आहेच.