पंप आहे, तरी अंगणात पाणी

डांबराचे थर चढत चढत रस्ता वर गेला आणि बंगला होता तिथेच राहिला, अशी घरं आता गावोगाव दिसतात. पावसाचं पाणी अंगणातून बाहेर जायचं, ते फाटकातून आत यायला लागतं. अशा घरांसाठी सखल कोपऱ्यात खड्डा घेऊन त्यात आपोआप चालू-बंद होणारा ड्रेनेज पंप बसवणं हा रास्त उपाय आहे. तरीही पंप बसवून अंगण तुंबलेलंच, अशी तक्रार ऐकू येते. त्यात पंपाचा दोष क्वचित असतो. बहुतेकदा पंप घेण्याआधी जे गृहीत धरलं, तेच चुकलेलं असतं.

‘जास्त हॉर्सपॉवर, जास्त पाणी’

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. हॉर्सपॉवर मोटरची ताकद सांगते, पाणी किती निघेल ते सांगत नाही. बोअरवेलचा एक हॉर्सपॉवरचा पंप खूप खोलवरून थोडं पाणी वर आणतो. अंगणातलं पाणी मात्र दहा-बारा फूटच चढवायचं असतं, पण ते भरपूर आणि गढूळ असतं. म्हणून विहिरीवरचा जुना पंप ‘पडूनच आहे’ म्हणून खड्ड्यात सोडू नये. गाळ आणि पालापाचोळा त्याला झेपत नाही. दुकानात विचारायचं ते एवढंच : इतक्या मीटर उंचीला मिनिटाला किती लिटर? ते कोष्टक पंपाबरोबर येतं.

आपल्याला किती लिटर लागतील, याचा हिशेब सोपा आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०१ लिटर पाणी झालं. तासाला ५० मिमीच्या सरीत गुंठ्यावर पाच हजार लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ८४ लिटर. दोन गुंठ्यांचा प्लॉट बहुतेक फरशी आणि पेव्हर ब्लॉकखाली गेला असेल, तर मिनिटाला १७० लिटर धरा. माती मोकळी असेल तर काही पाणी जिरतं, आणि छपराचं पाणी पन्हळीतून थेट बाहेरच्या गटारात जात असेल तर तेवढं क्षेत्र वजा करा. एवढ्या कामाला अर्ध्या-पाऊण हॉर्सपॉवरचा चांगला ड्रेनेज पंप सहसा पुरतो.

५० मिमी हा आकडा हवेतून काढलेला नाही. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या ताशी २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधल्या होत्या; ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पात तो हिशेब ५० मिमीवर नेण्यात आला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला होता, हे खरं. पण त्या दिवसाला पुरेल असा पंप घरी बसवण्यात अर्थ नाही. रस्ताच पाण्याखाली असेल, तर उपसलेलं पाणी सोडणार कुठे?

पंप बरोबर निवडला तरी पुढे पाइपमध्ये घोटाळा होतो. पंपाचं तोंड दोन इंची, आणि घरात एक इंची पाइप शिल्लक म्हणून रिड्युसर लावून तीच जोडली जाते. तेवढंच पाणी निम्म्या व्यासाच्या पाइपमधून ढकलायचं तर घर्षण जवळपास ३२ पट होतं. पंप कण्हत राहतो आणि बाहेर धार पडते ती बागेला पाणी घालण्याइतकी.

‘खड्डा काय, केवढाही चालेल’

बादलीएवढ्या खड्ड्यात पंप अर्ध्या मिनिटात पाणी संपवतो, थांबतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो. मोटर सर्वांत जास्त तापते ती सुरू होताना, त्यामुळे अशा खड्ड्यात ती लवकर जळते. मिनिटाला १७० लिटरच्या पंपाने तासात दहापेक्षा जास्त वेळा सुरू होऊ नये असं वाटत असेल, तर फ्लोट स्विचच्या ‘चालू’ आणि ‘बंद’ पातळ्यांमध्ये सुमारे २५० लिटर पाणी मावलं पाहिजे. तीन फुटी सिमेंटच्या रिंगमध्ये ते ४० सेंटिमीटर उंचीत मावतं. शिवाय फ्लोटला हलायला जागा लागते. अरुंद खड्ड्यात तो भिंतीला टेकून किंवा स्वतःच्या वायरीत अडकून राहतो. मग पाणी काठापर्यंत आलं तरी पंप गप्प. पंप थेट तळावर न ठेवता दोन विटांवर बसवावा, म्हणजे साठलेला गाळ ओढला जात नाही.

रिंगऐवजी प्लास्टिकची टाकी पुरणारे पुष्कळ आहेत. कोकणात जुलैमध्ये भूजल अंगणापासून हातभरावर येतं. अशा वेळी पाचशे लिटरच्या रिकाम्या टाकीला खालचं पाणी जवळजवळ अर्ध्या टनाच्या जोराने वर ढकलतं. टाकी काँक्रीटमध्ये जखडलेली नसेल तर ती पाइपसकट वर येते.

‘पंप बसवला की पाणी आपणहून तिथे येईल’

येत नाही. पंप खड्ड्यात पोचलेलं पाणीच उपसतो. जांभ्याच्या जमिनीतून पाणी बऱ्यापैकी सरकतं. काळ्या चिकणमातीत पंपाभोवतीची चार-दोन फूट जागा कोरडी होते आणि पलीकडे चिखल तसाच राहतो. त्यासाठी अंगणात चर खणावे लागतात : तळाशी जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर खडी, मध्ये छिद्रांची पाइप, वर पुन्हा खडी, आणि कापड वरून दुमडून घ्यायचं. कापड वगळलं तर एक-दोन पावसाळ्यांत माती खडीत शिरून चर बुजतो. उतार शंभर फुटांना एक फूट पुरे, पण तो पूर्ण लांबीत हवा. मध्ये एक खोलगट जागा राहिली तर पाणी तिथेच मुक्काम करतं. हा खर्च पंपापेक्षा जास्त होऊ शकतो, आणि नेमका तोच टाळला जातो.

मोठ्या प्रमाणावर हाच धडा मुंबईत हिंदमाताने दिला. तो भाग बशीसारखा खोलगट. ब्रिटानिया पंपिंग स्टेशन उभं राहिलं, तरी तिथलं पाणी तिथपर्यंत वेळेत पोचेना. अखेर पालिकेने प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या. पाणी आधी त्यांत घ्यायचं आणि भरती ओसरल्यावर समुद्राकडे सोडायचं.

‘पाणी कुठेही सोडलं तरी चालतं’

सर्वांत जवळचं असतं ते सांडपाण्याचं चेंबर, म्हणून पाइप तिथेच टाकली जाते. मैल्याची लाइन पावसाच्या पाण्यासाठी नसते. ती भरली की उलटं पाणी पहिल्यांदा येतं ते तळमजल्याच्या न्हाणीघरात, बऱ्याचदा आपल्याच. शेजाऱ्याच्या कुंपणाकडे सोडणं तर भांडणाचं निमित्त. वरच्या जमिनीवरचं पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीत वाहू देणं १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याला मान्य आहे. पण ते गोळा करून पंपाने दुसऱ्याच्या आवारात फेकणं हा नैसर्गिक उतार नव्हे. पाइप पावसाच्या गटारापर्यंतच न्यावी, आणि तिचं तोंड गटारातल्या पाण्याच्या पातळीच्या वर असावं. उभ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर पंप थांबला की चढलेलं पाणी खड्ड्यात परत येतं.

विजेच्या बाबतीत थोडक्यात : ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग यांशिवाय ओल्या अंगणात पंप चालवू नये. ‘पाण्यातलाच पंप, त्याला काय होतंय’ हेही चूक, कारण बहुतेक पंपांची मोटर भोवतीच्या पाण्यानेच थंड होते. कोरडा चालला की जळतो. वीज नेमकी मुसळधार पावसात जाते. घरातल्या दिव्यापंख्यांचा इन्व्हर्टर चालेल असं धरून चालू नका. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट घेते, आणि त्या झटक्याला तो ट्रिप होतो.

आणि उलटा गैरसमज : ‘प्रत्येक तुंबलेल्या अंगणाला पंप लागतो’

फरशीचा उतार घराकडे झालेला असतो, पन्हळीचं पाणी जोत्याशीच पडत असतं; एवढं दुरुस्त केलं की अर्धी घरं सुटतात, असं माझं मत आहे. काही ठिकाणी शोषखड्डाही पुरतो. तपासायचं असेल तर फूटभर खोल खड्डा भर पावसाळ्यात खणा. त्यात खालूनच पाणी येत असेल तर शोषखड्डा विसरा. कोरडा असेल तर एकदा पाण्याने भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. बोटभरही उतरली नाही, तर पंपाकडे वळायला हरकत नाही.

पंप बसवलेला असेल, तर मेअखेरीस गाळ काढा, जाळी धुवा, डास शिरणार नाहीत असं झाकण घट्ट बसतंय का पाहा, आणि बादल्यांनी पाणी ओतून फ्लोट उचलला जातो का, पंप वेळेवर थांबतो का, हे स्वतः उभं राहून बघा. गणपतीच्या आधी पुन्हा एकदा.