फुकटची होडी

आरोग्य आणि अर्थ या सदरात होडीचे काय काम, असे कुणी विचारील. आमच्या घरात मात्र ती या दोन्ही दारांनी एकदमच शिरली.

गेल्या वर्षी यांच्या केंको शिनदानचा निकाल आला. पोटाचा घेर ८८ सेंटीमीटर आणि साखर काठावर. आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेलच, की २००८ सालापासून इथे ४० ते ७४ वयाच्या लोकांची ही 'मेताबो' तपासणी होते. पुरुषांचा घेर ८५ आणि बायकांचा ९० च्या पुढे गेला आणि जोडीला साखर, रक्तदाब किंवा चरबी वाढलेली असली, की सल्लागाराचे बोलावणे येते. यांनाही आले. "रोज काहीतरी हालचाल करा," असे सांगून त्या बाईंनी एक तक्ता हातात दिला. जिमची फी आम्ही त्याआधीच सहा महिने भरली होती. गेलो होतो एकूण चार वेळा.

त्याच आठवड्यात बागेतल्या सकाळच्या रेडिओ ताइसोला येणाऱ्या एका जपानी आजींनी विचारले, "आमच्या शेडमध्ये यजमानांची जुनी होडी आहे. शेड पाडायची आहे. तुम्ही नेता का? पैसे नकोत."

मी देवगडची. होडी म्हटले की माझ्या नाकात खाडीचा वास येतो. पण मी काही बोलायच्या आत यांचे डोळे लकाकले. कंपनीने यांना पूर्वी दोन वर्षे बर्मिंगहॅमला पाठवले होते आणि तिथले कालवे पाहून आल्यापासून हे खूळ यांच्या डोक्यात होते. इंग्लंडमध्ये कालव्यांतून कोळसा आणि धान्य वाहणाऱ्या सत्तर फूट लांब, सात फूट रुंद अशा अरुंद होड्या असत. टॉम रोल्ट नावाच्या एका इंजिनिअरने १९३९ साली अशाच 'क्रेसी' नावाच्या होडीत संसार थाटला आणि १९४४ साली त्यावर पुस्तक लिहिले. १९४६ साली कालवे वाचवण्यासाठी संस्था निघाली. पुढे मालवाहतूक बंद पडत गेली, तशा लोकांनी या होड्या विकत घेतल्या, दुरुस्त केल्या, आणि आज वर्षातून काही वेळा त्या जुन्याच रंगांत एकत्र जमतात. "तिथे माणसे होडीवर घरासारखे पैसे लावतात, अगं," हे म्हणाले. मी म्हटले, "अहो, आपल्या लेकीची कॉलेजची फी पुढच्या एप्रिलला भरायची आहे."

तरी होडी बघायला गेलो. आजींचे घर शिनकावाच्या काठी, आपल्या निशी-कासाईहून सायकलने जाण्यासारखे. चेरीच्या दिवसांत आपण तिथे फोटो काढायला जातो, पण तो कालवा मुळात फुलांसाठी नाही, मिठासाठी आहे. तोकुगावा इएयासु १५९० साली एडोला आला, तेव्हा ग्योतोकूच्या मिठागरांतले मीठ शहरात आणायला त्याने ओनागीगावा खणून घेतला. त्याच वाटेचा पुढचा वाकडा तुकडा १६२९ साली सरळ केला, तो शिनकावा, म्हणजे 'नवी नदी'. मीठ, भात, भाजी, माणसे, सारे याच पाण्यावरून जाई. आपण पालकाऐवजी ज्याची भाजी करतो तो कोमात्सुनाही इथल्याच कोमात्सुगावा गावाच्या नावाचा.

आणि शहरातून परत येताना होड्या काय आणीत? सोनखत! एडोत दहा लाखांच्या आसपास वस्ती होती. तिची घाण कासाईचे शेतकरी पैसे मोजून विकत घेत. घरमालकांना त्यातून उत्पन्न होई, भाव वाढला की शेतकरी तक्रारी करीत. ज्या होड्यांतून हे जाई त्यांना 'कासाई-बुने'च म्हणत. कासाईतल्या फ्लॅटचे भाडे भरताना मला आता ही गोष्ट हमखास आठवते. एवढे मोठे शहर त्या काळी मैलाच्या ढिगांत बुडाले नाही, त्याचे बरेचसे श्रेय या होड्यांना आहे. लंडनची टेम्स नदी एकोणिसाव्या शतकात ज्या दुर्गंधीने गाजली, ती वेळ एडोवर आली नाही.

तर ती शेड. आत प्लास्टिकच्या कापडाखाली सहा मीटरची सुगीच्या लाकडाची होडी, मागे एकच लांब वल्हे लावायची. आजींच्या सासऱ्यांनी ती भाजी न्यायला बांधून घेतलेली. आजींच्याच ओळखीचे एक निवृत्त फुनादाइकु, म्हणजे होड्या बांधणारे सुतार, मुद्दाम आले होते. वय ७९. त्यांनी काही न बोलता बोटाच्या पेराने फळ्या ठोकल्या, मग स्क्रू-ड्रायव्हर काढून एका खिळ्याशेजारी टेकवला. तो लोण्यात जावा तसा आत गेला. लोखंडी खिळा गंजला, की भोवतालचे लाकूड काळे पडून त्याचा भुसा होतो. वरून होडी धडधाकट दिसत होती.

त्यांनी समजावून सांगितले ते मला फार आवडले. जपानी सुतार दोन फळ्या जोडताना आधी सांध्यातून करवत फिरवून कडा तंतोतंत जुळवतो. मग त्या कडा हातोडीने ठोकून चेपतो. होडी पाण्यात उतरली, की चेपलेले लाकूड फुगते आणि फट बंद होते. याला म्हणतात 'किगोरोशी', लाकूड मारणे! आमच्या देवगडला फटीत कापूस नि राळ भरीत. अशी होडी वापरात, ओलीच राहायला हवी. वर्षानुवर्षे कोरडी ठेवली की सांधे उघडतात. "चांगली वापरली तर वीसेक वर्षे," ते म्हणाले, "ही तिच्या आयुष्याच्या तिप्पट जगली आहे." दुरुस्ती करायची तर तळ नवा, दोन्ही बाजू नव्या. मग जुने काय उरणार?

घरी येऊन आम्ही वही काढली. इथे एक गोष्ट सोपी आहे. नुसत्या वल्ह्यावर चालणाऱ्या, सहापेक्षा जास्त माणसे न नेणाऱ्या होडीला परवाना लागत नाही, तपासणीही नाही. (इंजिनाची सूट अगदी थोडी आहे. लांबी ३ मीटरच्या आत आणि शक्ती दीड किलोवॉटच्या आत असेल तरच, आणि तीही २००३ पासून.) हे ऐकून यांना चेव आला. पण पुढचा प्रश्न, ठेवायची कुठे? नदी नि कालवे सरकारचे. परवानगीवाचून काठाला होडी बांधता येत नाही. मोटारीच्या जागेला आम्ही महिना वीस हजार येन मोजतो, तिथे सहा मीटरची होडी कुठे मावणार? जागेचे भाडे, आणायला ट्रक, लाकूड, मजुरी, विमा, आणि शेवटी टाकायची वेळ आली तर तोही खर्च, कारण वॉर्डाच्या मोठ्या कचऱ्यात होडी घेत नाहीत. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे तर कोंबडी फुकटच होती.

यामामोतो शुगोरो यांच्या 'आओबेका मोनोगातारी' या पुस्तकातही हेच आहे. जवळच्या उरायासुवर बेतलेल्या गावात आलेल्या निवेदकाच्या गळ्यात एक म्हातारा मोडकी निळी होडी बांधतो. आमच्या आजी तशा नव्हत्या. त्यांनी सुताराला आधीच बोलावले होते.

इंग्लंडचे गणित इथे का बसत नाही, हेही त्या दिवशी कळले. तिथल्या पुष्कळ होड्या लोखंडी, पत्रा बदलून पुढची पिढी वापरते, आत राहता येते, विकली तर पैसे येतात. इथे सगळे लाकूड, आणि टिकवायचे असते ते सुताराचे ज्ञान. ते कागदावर फारसे नसते, एखाद्या फळीवर काढलेल्या रेघा आणि बाकी डोक्यात. डग्लस ब्रूक्स नावाचा अमेरिकन सुतार १९९६ साली सादो बेटावर टबासारखी होडी शिकायला आला. मग उरायासु, तोक्यो, आओमोरी, ओकिनावा असे करत पाच वृद्ध कारागिरांजवळ बसून पाच होड्या शिकला आणि २०१५ साली ते सारे पुस्तकात उतरवले. २०१७ साली गिफूमध्ये ८५ वर्षांच्या नासु सेइइची यांच्याबरोबर त्याने पाणकावळ्यांनी मासे पकडण्याची होडी बांधली, तेव्हा प्रत्येक पायरीची नोंद झाली. इसेचे देऊळ दर वीस वर्षांनी नवे बांधतात, तसेच हे. आपणही गणपती दरवर्षी नवा आणतो, पण पेणचा मूर्तिकार टिकला पाहिजे. माझे मत विचाराल तर ज्याच्याजवळ खरोखर पैसे आहेत, त्याने जुनी होडी घेण्यापेक्षा हयात सुताराकडून नवी बांधून घ्यावी.

आमच्याजवळ तेवढे नव्हते. सुतारबुवांनी दोन रविवार बसून होडीची मापे घेतली, हे टेपचे दुसरे टोक धरून उभे होते. मग होडी मोडली. आजी त्या दिवशी बाहेर आल्या नाहीत, आतून चहा मात्र पाठवला.

यांचे वल्हवायचे वेड असे सुटणार नव्हतेच. कोतो वॉर्डात योकोजिक्केनगावा नावाचा जुना कालवा बाग करून ठेवला आहे. तिथे स्वयंसेवक मंडळी लाकडी होड्या चालवतात आणि फुकट फिरवून आणतात. बहुतेक निवृत्त. हे आधी नुसते बसायला गेले, आता शिकतात. जपानी वल्हे, 'रो', उभ्याने चालवायचे. हातांचा जोर लावला तर पाच मिनिटांत खांदे भरून येतात. पाय रोवून, अंगाचा भार पुढे-मागे झुलवायचा. पात्याचा कोन मनगटाने पालटायचा, नाहीतर वल्हे खुंटीवरून निसटते आणि माणूस पाण्याकडे जातो. यांचे दोनदा निसटले. कंबर, मांड्या, पोट, तोल, सगळ्याला काम. पाठीचे दुखणे किंवा चक्कर असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

या वर्षीचा निकाल परवा आला. घेर ८६. साखर जिथल्या तिथे, तेव्हा रविवारच्या पोह्यांवर आता संक्रांत आहे.

ज्यांना मुलांना घेऊन जायचे असेल त्यांनी तोझाई लाइनने तोयोचोला उतरावे, तिथून बाग चालत गाठता येते. होड्यांचे वार आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून कोतो वॉर्डाकडे आधी चौकशी करावी. शिनकावाच्या काठी २०१३ साली उघडलेल्या साकुराकानमध्येही अधूनमधून होडीची फेरी असते. जुलै-ऑगस्टच्या दुपारी जाऊ नये. टोपी, पाणी आणि मुलांना जीवरक्षक जाकीट हवेच. आजींना मागच्या महिन्यात आम्ही नेले होते. त्या मागच्या बाजूला बसल्या आणि यांना सारखे सांगत होत्या, "अहो, जोर नको."