हरवलेलें नाक आणि जळलेली वही

सेवानिवृत्त शिक्षकाला घरोघर एक प्रश्न हटकून विचारला जातो : “मास्तर, वाचावयास कांहीं चांगलें सुचवा.” एकदां एका हुषार मुलाला मीं रशियन वाङ्मयांतील एक जाडजूड कादंबरी मोठ्या अभिमानानें दिली. आठ दिवसांनीं पुस्तक परत आलें. मुलगा मात्र पुन्हां पुस्तक मागावयास आला नाहीं. चूक माझी होती. पायऱ्या न दाखवितां मीं त्याला एकदम कळसावर चढविलें होतें. त्या पायऱ्या आज सांगाव्या, एवढाच माझा हेतु आहे.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मराठींत आणलेल्या अरबी सुरस व चमत्कारिक गोष्टी आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असतील. तेथें चमत्कार आपणांस घरापासून दूर नेतो. रशियन लेखकांचा चमत्कार उलट आपल्या घरांत व कचेरींत शिरतो, आणि मग रोजचा व्यवहारच विलक्षण दिसूं लागतो. हा भेद ध्यानांत ठेवावा.

पहिली पायरी म्हणजे निकोलाय गोगोल यांची ‘नाक’ ही कथा. ती १८३६ सालीं प्रसिद्ध झाली. पीटर्सबर्ग शहरांतील एका न्हाव्याला सकाळीं पावांत नाक सांपडतें. तें त्याच्या गिऱ्हाइकाचें, कोवाल्योव्ह नांवाच्या अंमलदाराचें असतें. इकडे कोवाल्योव्ह आरशांत पाहतो, तों नाकाच्या जागीं सारें सपाट! पुढें तेंच नाक मोठ्या हुद्द्याचा पोशाख घालून गाडींतून उतरतांना त्याला दिसतें. बिचारा वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावयास जातो. पण असल्या जाहिरातीनें पत्राची अब्रू जाईल, म्हणून तेथील कारकून ती घेत नाहीं.

यांतलें मर्म कळण्यास एक गोष्ट माहीत हवी. पीटर बादशहानें १७२२ सालीं सरकारी नोकरीच्या चौदा श्रेणी ठरविल्या होत्या. कोवाल्योव्ह आठव्या श्रेणींतला, आणि त्याचें नाक पांचव्या! म्हणून स्वतःच्याच नाकाशीं बोलतांना तो चाचरतो. आपल्या भाषेंतही नाक म्हणजे अब्रूच. मी निवृत्त झाल्यावर शाळेवरून जात होतों. रोज नमस्कार करणाऱ्या शिपायानें त्या दिवशीं मान वळविली. माझा हात नकळत नाकाकडे गेला. हंसूं आलें, आणि लाजही वाटली. इतकीं वर्षें नमस्कार खुर्चीला होता, मला नव्हता.

दुसरी पायरी गोगोल यांचीच ‘ओव्हरकोट’ ही १८४२ ची कथा. एक गरीब नकलनवीस पोटाला चिमटा घेऊन नवा कोट शिवतो. पहिल्याच रात्रीं चोर तो हिसकावून नेतात. दाद मागावयास जातो, तों वरिष्ठ त्याच्या अंगावर ओरडतो. तो झुरून मरतो, आणि त्याचें भूत लोकांच्या अंगावरचे कोट ओढूं लागतें. जिवंतपणीं ज्याचें कोणीं ऐकलें नाहीं, त्याच्या भुताला सारे भितात.

यानंतर मिखाईल बुल्गाकॉव्ह यांच्याकडे वळावें. ‘कुत्र्याचें काळीज’ ही त्यांची लहान कादंबरी आधीं वाचावी. ती १९२५ सालीं लिहिली गेली; १९२६ मध्यें घराच्या झडतींत पोलिसांनीं तिचें हस्तलिखित नेलें, आणि त्यांच्या देशांत ती छापली गेली १९८७ सालीं. मग ‘मास्टर आणि मार्गारीटा’ घ्यावी. तींत साक्षात् सैतान मॉस्कोंत अवतरतो, आणि तेथील लोभी व भित्र्या माणसांचें पितळ उघडें पडतें. १९३० सालीं लेखकानें तिचा पहिला खर्डा जाळला. पुढें ती पुन्हां लिहिली. मरणापूर्वी दृष्टि अधू झाली असतां पत्नीला दुरुस्त्या सांगितल्या, आणि १९४० मध्यें प्राण सोडला. पत्नी येलेना यांनीं तें बाड सव्वीस वर्षें जपलें. १९६६-६७ मध्यें एका मासिकानें तें काटछांट करून छापलें. सरळ बोललें असतां जेथें तोंड बंद होतें, तेथें लेखक सैतानाच्या तोंडून बोलतो.

आतां एक व्यावहारिक सूचना. रशियन नांवांनीं घाबरूं नये. स्वतःचें नांव, बापाचें नांव व आडनांव, ही आपलीच रीत आहे. ‘ओव्हरकोट’चा नायक अकाकी अकाकियेविच, म्हणजे अकाकीचा मुलगा अकाकी. एकाच माणसाला कोणी आडनांवानें हांक मारतो, कोणी लाडक्या नांवानें. म्हणून एका चिठ्ठीवर तीं टिपून पुस्तकांत ठेवावीं.

तो मुलगा आतां प्रौढ गृहस्थ झाला असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर मला त्याला इतकेंच सांगावयाचें आहे : बाळ, तें जाड पुस्तक राहूं दे. ‘नाक’ तासाभरांत वाचून होतें. तेथून आरंभ कर.