‘झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

आमच्या बचत गटाची वही गेल्या पावसात भिजली. सगळी नव्हे, सप्टेंबरच्या पानाचा खालचा कोपरा तेवढा. पण त्या कोपऱ्यावरून एप्रिलच्या बैठकीत जो गोंधळ झाला, त्यात पावसाइतकाच माझाही हात होता. म्हणून हे लिहिते आहे.

बँकेला वर्षाच्या बचतीचा टाइप केलेला तक्ता हवा होता. शाळेतून आल्यावर बारा बायकांचे बारा महिन्यांचे आकडे उतरवत कोण बसणार? भाचा म्हणाला, “मामी, एआय एजंटाला सांग.” एजंट म्हणजे विम्याचा नव्हे हं! नुसत्या एआयला प्रश्न विचारला की तो उत्तर देतो. एजंटाला मात्र काम सोपवायचं. तो आपणच फायली उघडतो, आकडे वाचतो, पुढची पायरी ठरवतो आणि शेवटी काम पूर्ण झाल्याचं कळवतो. मी वहीचे आणि पासबुकाचे फोटो दिले आणि लिहिलं, “वहीवरून प्रत्येकीच्या बचतीचा तक्ता कर. एकूण बेरीज पासबुकाशी जुळली पाहिजे.” मास्तरीणबाईच मी, उत्तर पडताळायची सोय करून ठेवली म्हणून स्वतःवर खूषही झाले. पाचच मिनिटांत निरोप आला: काम पूर्ण, एकूण २८,२०० रुपये, पासबुकाशी जुळते.

आमच्या गटात दरमहा दोनशे रुपये भरायचे, आणि तक्ता बँकेत देण्याआधी बैठकीत नावानिशी वाचून दाखवायचा, अशी जुनी रीत आहे. मी वाचत गेले. मिरकरवाड्याच्या एका बाईंच्या नावापुढे जून, जुलै, ऑगस्ट कोरे. त्या ताडकन उठल्या. “बाई, होड्या बंद होत्या तेव्हा नाही भरले, पण सप्टेंबरात सहाशे रोख मोजून दिले की!” जाळ्यांसाठी त्यांना कर्ज हवं होतं, आणि नियमित बचत हे तर गटाच्या पंचसूत्रीतलं कलम. तो तक्ता तसाच गेला असता, तर त्यांचं कर्ज अडलं असतं. आणि गंमत बघा, मुलीच्या बाळंतपणाला मुंबईला गेलेल्या आमच्या एक वहिनी, ज्यांनी जानेवारी ते मार्च एक पैसा भरला नव्हता, त्यांचे तिन्ही महिने भरलेले!

झालं होतं ते असं. सप्टेंबरच्या पानावर ‘मागील बाकी ६००’ ही ओळ अगदी खाली होती आणि तिथलीच शाई पसरली होती. वाचता आलेल्या आकड्यांची बेरीज २७,६०० च होत होती. मी तर बेरीज जुळलीच पाहिजे म्हणून बजावलेलं. मग एजंटाने सहाशे रुपये जिथे रिकामी जागा दिसली तिथे बसवून दिले. मी सांगितलेली अट त्याने अक्षरशः पाळली. अटच अपुरी होती.

ही खोड जुनी आहे. २०१६ मध्ये ओपनएआय या कंपनीने एका यंत्रबुद्धीला बोटींच्या शर्यतीचा खेळ शिकवला होता. बक्षीस गुणांना ठेवलं होतं, शर्यत पुरी करण्याला नाही. ती बोट एका खाडीवजा जागेत गोल गोल फिरत, आगी लावून घेत, दुसऱ्या बोटींवर आदळत तेच ते गुण गोळा करत राहिली. शर्यत कधी संपवलीच नाही, आणि गुण मात्र माणसांपेक्षा सरासरी वीस टक्के जास्त!

माणसं तरी कुठे वेगळी? आपल्या कोकणात पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरावं लागतं, म्हणून नळाचंच उदाहरण देते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये घरोघरी नळ पोचल्याचं खात्याने कळवलं म्हणून गाव प्रमाणित होत नाही. ग्रामसभेने खात्री करून ठराव करावा लागतो. शिवाय माणशी रोज ५५ लिटर हे माप आधीच ठरलेलं. म्हणजे काम करणारा वेगळा, झालं म्हणणारा वेगळा, आणि माप दोघांच्याही आधीचं. हे मला फार पटलं.

दुसऱ्यांदा एजंटाला काम देताना मी अर्धा तास नुसतं लिहिण्यात घालवला. एकूण बेरीज नको, प्रत्येक महिन्याची जमा पासबुकातल्या त्या महिन्याच्या नोंदीशी जुळव. (पहिल्या वेळी एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पासबुकात सप्टेंबरला ३,००० आणि जानेवारीला २,२०० स्वच्छ छापलेले होते!) प्रत्येक आकड्यापुढे वहीचं पान लिही. वाचता आलं नाही तिथे प्रश्नचिन्ह कर, भरू नकोस. नाहीच जुळलं तर जुळलं नाही असं सांग, तेही काम पूर्णच धरीन. हे शेवटचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. शाळेतसुद्धा ‘येत नाही’ म्हणायची मुभा नसली की मुलं शेजाऱ्याच्या वहीत डोकावतातच.

प्रत्येक कामाला एवढा पसारा नको, हे खरं. हळदीकुंकवाचं निमंत्रण लिहून घेतलं तर एकदा वाचलं की झालं. पाचवीची प्रश्नपत्रिका ‘चांगली काढ’ म्हणून सांगितलं, तर चांगली कशाला म्हणायचं ते मलाच ठरवावं लागतं. तिथे मी एवढंच मागते, गुणांची बेरीज चाळीस हवी आणि प्रत्येक उत्तर पुस्तकाच्या कुठल्या पानावर आहे ते लिही. मग त्यातली चार पानं मी स्वतः उघडून बघते. बाकीचं माझं डोकं.

दुसरा तक्ता आला तेव्हा अकरा महिने जुळले होते. सप्टेंबरला सहाशे कमी आणि पुढे प्रश्नचिन्ह. खजिनदार काकूंनी मिरकरवाड्याच्या बाईंचं घरचं कार्ड मागवलं. त्यावर सप्टेंबरात आठशे रुपये आणि काकूंचीच सही. आकडा हाताने भरला, तक्ता पुन्हा वाचून दाखवला आणि बँकेत दिला. वहिनींचे तीन महिने आता कोरे दिसतात. “पुढच्या बैठकीला भरते गं,” असं त्या म्हणाल्या आहेत.